प्रश्नमंजूषेचे प्रश्न स्पर्धेनंतर कोठे जातात?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या स्नेहसंमेलनांचा आणि आंतरशालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर प्रश्नमंजूषा स्पर्धांच्या बातम्या नेमाने येऊ लागतात. विजेत्या संघाचे छायाचित्र असते, फिरत्या ढालीचा उल्लेख असतो, प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचा सारांशही असतो. त्या स्पर्धेत विचारला गेलेला एकही प्रश्न मात्र बातमीत नसतो, आणि नंतर तो शोधायला गेलेल्या विद्यार्थ्याला अन्यत्र कोठेही सापडत नाही. ज्या प्रश्नांसाठी दोन-तीनशे मुलांनी महिनोन्महिने तयारी केली, ते प्रश्न बक्षीस समारंभ संपताच आयोजकांच्या कपाटात किंवा संगणकात बंद होतात आणि पुढच्या वर्षीची मुले पुन्हा कोऱ्या पाटीने सुरुवात करतात. मराठी माध्यमाच्या मुलांना या स्पर्धांच्या सरावासाठी साहित्य का मिळत नाही आणि ते कसे मिळू शकेल, याविषयी अनुभवाच्या आधारे काही लिहिण्याची परवानगी घेते.

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षे इतिहास आणि भूगोल शिकवला आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे शाळेच्या प्रश्नमंजूषा संघाची तयारी करून घेतली. संघ तीन-तीन मुलांचे, आठवीपासून दहावीपर्यंतचे. पहिल्याच वर्षी आमचा संघ जिल्हा फेरीत तळाला गेला. मुले हिरमुसली, पण परतीच्या एसटीत त्यांनीच मला विचारले, ‘बाई, आज विचारलेले प्रश्न आपल्याला मिळतील का?’ त्यांना ते प्रश्न पुन्हा वाचायचे होते, कारण उत्तर ऐकल्यावर ‘हे तर आपल्याला येत होते’ असे त्यांना निम्म्या वेळा वाटले होते. मी आयोजक संस्थेला रीतसर पत्र लिहिले. प्रश्नसंच गोपनीय असल्याने देता येत नाही, असे उत्तर आले. जे प्रश्न भर सभागृहात ध्वनिक्षेपकावरून वाचले गेले, ज्यांची उत्तरे फळ्यावर लिहिली गेली, ते दुसऱ्या दिवशी गोपनीय कसे होतात, हे मला तेव्हा समजले नाही. त्यानंतर मी वेगवेगळ्या आयोजकांना अशीच पत्रे लिहिली. एका महाविद्यालयाने हस्तलिखित कागदांच्या छायाप्रती पाठवल्या. बाकी ठिकाणांहून नकार तरी आला किंवा उत्तरच आले नाही.

प्रश्नसंच मिळत नाहीत म्हणून मुले आणि पालक बाजारातील सामान्यज्ञानाच्या पुस्तकांकडे वळतात. बसस्थानकाजवळच्या कोणत्याही दुकानात ती मिळतात आणि त्यांत एका ओळीचा प्रश्न व एका शब्दाचे उत्तर अशी मांडणी पानामागून पाने चाललेली असते. या पुस्तकांवर माझा पहिला आक्षेप अचूकतेचा आहे. भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, हे वाक्य मी आजही नव्या आवृत्त्यांत वाचते. माहितीच्या अधिकारात विचारणा झाल्यावर, कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिलेला नाही, असे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ सालीच कळवलेले आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, तरी राज्यातील जिल्ह्यांची संख्या पस्तीस सांगणारी पुस्तके त्यानंतर कितीतरी वर्षे विकली जात होती. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर असल्याचे नेपाळ आणि चीन यांनी डिसेंबर २०२० मध्ये संयुक्तपणे जाहीर केले, पण पुस्तकांत जुनाच आकडा कायम आहे. एका पुस्तकातील चूक दुसरे पुस्तक उतरवून घेते आणि तीन पुस्तकांत सापडलेली चूक मुलाला खरी वाटू लागते.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. एका ओळीच्या प्रश्नोत्तरांनी पाठांतर होते. ऐकता ऐकता विचार करण्याची सवय त्यातून लागत नाही. ‘महाराष्ट्रातील उल्कापाताने तयार झालेले सरोवर कोणते?’ असे विचारले की ज्याने ती ओळ वाचली असेल तो ‘लोणार’ म्हणतो आणि ज्याने वाचली नसेल तो गप्प बसतो. हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारता येतो. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्ट खडकातील आघात-विवर असल्यामुळे चंद्रावरील विवरांच्या अभ्यासासाठी तिचे महत्त्व आहे. हिचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत क्षारप्रेमी सूक्ष्मजीव हे त्याचे कारण आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. बुलढाणा जिल्ह्यातील या सरोवराचे नाव सांगा. यात भूगोल वाचणारा मुलगा एका ठिकाणी ओळखेल, वर्तमानपत्र वाचणारी मुलगी दुसऱ्या ठिकाणी ओळखेल, आणि ज्याला शेवटच्या वाक्याला ओळखता आले त्यालाही आधीच्या पाच गोष्टी नव्याने कळतील. आम्ही शाळेत अशा प्रश्नाला ‘उतरंडीचा प्रश्न’ म्हणत असू, कारण त्यात अवघड धाग्यापासून सोप्या धाग्यापर्यंत एकावर एक मडकी रचलेली असतात.

ही पद्धत आमची नव्हे. माझी भाची अमेरिकेत राहते आणि तिचा मुलगा तेथील शाळेच्या संघातून ‘क्विझबोल’ खेळतो. सुटीत तो गावी आला तेव्हा त्याने मला हा खेळ समजावून सांगितला. त्या देशात १९५३ साली नभोवाणीवर ‘कॉलेज बोल’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यातून शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांची मोठी परंपरा उभी राहिली. आज तेथे मुख्य प्रश्न उतरंडीचाच असतो, खेळाडू वाचन मध्येच थांबवून उत्तर देऊ शकतो, बरोबर उत्तराला साधारणपणे दहा गुण मिळतात आणि घाईने मध्येच चुकीचे उत्तर दिले तर पाच गुण कापले जातात. मला सर्वांत मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. स्पर्धा झाली की बहुतेक प्रश्नसंच काही काळाने एका सार्वजनिक संग्रहात ठेवले जातात आणि तेथून कोणालाही ते विनामूल्य उतरवून घेता येतात. १९९६ साली स्थापन झालेली एक मोठी संस्था आपले जुने संच विकते, हे खरे. परंतु स्वयंसेवकांच्या बळावर महाविद्यालयीन स्पर्धा चालवणारी दुसरी संस्था आपले संच मोकळे करते, आणि शिवाय अनेक वर्षांचे इतर संच संग्रहात आहेतच. त्यामुळे तेथील लहान गावातील मुलालाही स्पर्धेत कोणत्या विषयाची किती खोली अपेक्षित असते हे आधीच समजते. भाचीचा मुलगा रोज रात्री जुना एक संच वाचतो आणि न आलेल्या उत्तरांविषयी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात वाचन करतो. त्याची सारी तयारी एवढीच आहे.

आपल्या देशातही प्रश्नमंजूषेची परंपरा जुनी आहे. नील ओब्रायन यांनी १९६७ साली कोलकात्यात एका चर्चच्या सभागृहात घेतलेली स्पर्धा ही भारतातील पहिली खुली प्रश्नमंजूषा मानली जाते. १९८५ साली सिद्धार्थ बसू यांच्या कार्यक्रमाने हा खेळ दूरदर्शनवरून घराघरांत पोहोचवला. बंगळूरमध्ये १९८३ पासून कर्नाटक क्विझ असोसिएशन काम करते आहे, आणि पुण्या-मुंबईतही हौशी मंडळींचे क्लब आहेत. त्यांतील अनेकजण स्पर्धेनंतर आपले प्रश्न आंतरजालावर ठेवतात, याबद्दल मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते. पण ते प्रश्न इंग्रजीत असतात. आमच्या शाळेतील मुलाला त्यांचा उपयोग होण्यासाठी आधी भाषेचा उंबरठा ओलांडावा लागतो आणि मग ज्या संदर्भविश्वात ते प्रश्न फिरतात, इंग्रजी चित्रपट, इंग्रजी गाणी, मोठ्या कंपन्यांची बोधचिन्हे, तो दुसरा उंबरठा लागतो.

इंग्रजी प्रश्नांचे भाषांतर करून घेतलेल्या मराठी स्पर्धांत काय होते, तेही एका प्रसंगाने सांगते. आमच्या दहावीच्या एका विद्यार्थिनीला ऑक्सिडीकरणाच्या विरुद्ध रासायनिक प्रक्रियेचे नाव विचारण्यात आले. तिने ‘क्षपण’ असे उत्तर दिले. हा शब्द बालभारतीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील आहे. आयोजकांच्या कागदावर ‘रिडक्शन’ एवढेच लिहिलेले होते आणि प्रश्न वाचणाऱ्यांना क्षपण हा शब्द माहीत नव्हता, म्हणून उत्तर चूक ठरले. आम्ही पाठ्यपुस्तक दाखवून दाद मागितली, पण फेरी पुढे गेली होती. ती मुलगी रडली नाही. तिने पुढच्या वर्गातील मुलांसाठी वहीत मराठी आणि इंग्रजी संज्ञांची जोडयादी करायला घेतली. प्रश्न जर आधीपासून मराठीत रचलेले, स्वीकारार्ह उत्तरांसह छापलेले आणि नंतर सर्वांना पाहण्यास खुले असते, तर अशी चूक एकदा झाली असती आणि पुढच्या वर्षी दुरुस्त झाली असती. आज तिची नोंदच कोठे राहत नाही.

तयार प्रश्न मिळत नाहीत म्हणून आम्ही ते घडवायला लागलो, आणि या वाटेवर मला जे सापडले ते इतर शाळांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. आमच्या जिल्ह्यातील वाई हे मराठी विश्वकोशाचे गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली पहिला खंड निघाला आणि पुढे वीस खंडांचा हा प्रकल्प उभा राहिला. आज हे सारे खंड आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात, त्यात कोणताही शब्द शोधता येतो, आणि मुलांसाठी स्वतंत्र कुमार विश्वकोशही आहे. माझ्या मते मराठीतून प्रश्नमंजूषेची तयारी करणाऱ्याला याहून मोठा साठा उपलब्ध नाही, आणि तरीही अनेक शिक्षकांना तो मोबाइलवर उघडता येतो हेच ठाऊक नसते. विश्वकोशाच्या नोंदी दाट असतात. आठवीचा मुलगा एक नोंद वाचायला पाऊण तास घेतो. परंतु त्या पाऊण तासात त्याला चार उत्तम धागे सापडतात, आणि ते शोधण्यातच निम्मी तयारी होऊन जाते. ज्या नोंदी जुन्या झाल्या आहेत, विशेषतः अवकाशविज्ञान, लोकसंख्या, देशांची नावे यांच्या, तेथे ताज्या माहितीशी पडताळणी करावी लागते. त्याची सवय लागणे हाही लाभच आहे.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा १९२०च्या दशकात सिद्ध झालेला तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आणि पंडित महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश ही पुढची पायरी. ज्ञानकोशाचीही आंतरजाल आवृत्ती आहे. त्यातील आकडे आज वापरू नयेत, पण शंभर वर्षांपूर्वी एखाद्या गावाविषयी काय लिहिले जात होते हे वाचताना मुलांचे डोळे विस्फारतात. याखेरीज बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक विनामूल्य वाचण्यास ठेवलेले आहेत. पाचवी-सहावीच्या मुलांना मी विश्वकोशाऐवजी आधी ‘किशोर’ देत असे. पाठ्यपुस्तकांच्या प्रतीही बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत. दहावीचे पुस्तक आठवीत चाळणाऱ्या मुलाला स्पर्धेत जो फायदा होतो, तो कोणत्याही मार्गदर्शकाने होत नाही.

सरकारी परीक्षांच्या प्रश्नपत्रिकाही सहज मिळतात. पाचवी आणि आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेच्या मराठी-इंग्रजी अशा दुभाषिक प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या उत्तरतालिका संकेतस्थळांवर आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ऑलिंपियाडच्या प्रश्नपत्रिका खुल्या ठेवल्या आहेत, मात्र त्या मराठीत नाहीत. हे सर्व चार पर्यायांतून निवडण्याचे किंवा कागदावर सोडवण्याचे प्रश्न आहेत; प्रश्नमंजूषेत समोर पर्याय नसतात आणि कान तीक्ष्ण लागतो. म्हणून त्यांतून विषय घ्यावेत आणि प्रश्न नव्याने रचावेत, असे मी सुचवेन. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की लाखो उमेदवारांचे भवितव्य ज्या परीक्षेवर अवलंबून असते तो आयोग आपली प्रश्नपत्रिका उत्तरतालिकेसह प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो आणि गरज पडल्यास उत्तर बदलतो. फिरत्या ढालीसाठी होणाऱ्या शालेय स्पर्धेला त्याहून अधिक गोपनीयतेची गरज असू शकत नाही.

आमची पद्धत साधी होती. प्रत्येक मुलाने आठवड्याला दोन प्रश्न आणायचे. प्रत्येक प्रश्नात किमान चार धागे, अवघडाकडून सोप्याकडे. खाली उत्तर, चालणारी पर्यायी उत्तरे, आणि माहिती कोठून घेतली त्या खंडाचे किंवा पुस्तकाचे नाव व पान. दुसऱ्या मुलाने मूळ पान पाहून सही केल्याशिवाय तो कागद खोक्यात जात नसे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी ते वाचत असे. बझर घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून एका संघाला सायकलची घंटी आणि दुसऱ्याला स्टीलची वाटी व चमचा दिला होता. प्रश्न विचारण्यापेक्षा प्रश्न रचणारे मूल अधिक शिकते, हे मी त्या शनिवारांत पाहिले. जिंजीवर प्रश्न रचणाऱ्या मुलीला छत्रपती राजाराम महाराजांचा तेथील मुक्काम आणि झुल्फिकारखानाचा दीर्घ वेढा पाठ करावा लागला नाही. चारपैकी कोणता धागा आधी ठेवावा या विचारात ते तिच्या मनात पक्के झाले. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यांतील महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला जिंजी आहे, ही बातमी आली तेव्हा आता महाविद्यालयात असलेल्या त्या मुलीने मला दूरध्वनी केला, ‘बाई, आपल्या खोक्यातल्या प्रश्नाला पाचवा धागा मिळाला.’

तेव्हा माझी मागणी अशी की शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये, बँका, सेवाभावी मंडळे, जे कोणी मराठीतून प्रश्नमंजूषा घेतात, त्यांनी स्पर्धा संपल्यावर एका महिन्याच्या आत आपला संपूर्ण प्रश्नसंच उत्तरे आणि आधारग्रंथांसह खुला करावा. यावर जे आक्षेप मी ऐकले आहेत त्यांचाही विचार केला पाहिजे. प्रश्न पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येणार नाहीत, असे आयोजक म्हणतात. तेच प्रश्न पुन्हा वापरले जातात म्हणूनच ज्या शाळांचे माजी विद्यार्थी किंवा शिक्षक आयोजकांच्या ओळखीचे असतात त्यांना लाभ होतो आणि वाडीवस्तीवरील शाळा मागे राहते. खुला संच सर्वांना एका रेषेवर आणतो. प्रश्न तयार करायला खर्च येतो, हे दुसरे म्हणणे मला मान्य आहे. प्रश्न रचणाऱ्यांना मानधन मिळालेच पाहिजे आणि प्रश्नसंचावर त्यांचे नावही छापले पाहिजे. आज ढाल देणाऱ्याचे नाव छापले जाते आणि प्रश्न लिहिणारा अनाम राहतो. चुका उघड्या पडतील अशी भीती काहींना वाटते. त्यांना माझे सांगणे एवढेच, की मुलांनी चूक दाखवावी आणि मोठ्यांनी ती मान्य करावी, असा प्रसंग शाळेत फार वेळा येत नाही, तो येऊ द्यावा.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. जिल्हा पानावर स्पर्धेची बातमी देताना त्या स्पर्धेतील निदान पाच प्रश्न उत्तरांसह छापावेत आणि पूर्ण संच कोठे पाहता येईल हे आयोजकांना विचारून एका ओळीत द्यावे. वार्ताहराने विचारले तर आयोजक देतील, शिक्षिकेने विचारले तर देत नाहीत, हा माझा अनुभव आहे. शक्य झाल्यास असे संच आपल्या संकेतस्थळावर वर्षवार आणि इयत्तावार साठवून ठेवावेत. मोबाइलवर उघडणारा साधा मजकूर पुरेसा आहे.

आमच्या खोक्यातील कागदांपैकी पडताळलेले सहाशेच्या वर प्रश्न माजी विद्यार्थ्यांनी संगणकावर उतरवून ठेवले आहेत. त्यांत काही चुका राहिल्या असतील आणि काही माहिती शिळी झाली असेल. आपण जागा दिलीत तर ते सर्व, आधारग्रंथांच्या नोंदींसह, कोणत्याही मोबदल्याविना आपल्याकडे पाठवण्यास मी तयार आहे. ज्या शिक्षकांना हस्तलिखित कागदच पाहायचे असतील त्यांच्यासाठी ते खोके आमच्या शाळेच्या ग्रंथालयात, नकाशांच्या कपाटाशेजारी, ठेवलेले आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
जि. सातारा